सात नंबरचा साक्षीदार

१

"मामा, सात नंबरचं नाव फुटलं!"

वीणा दारातच उभी राहून ओरडली. बुटांवरचा बर्फ झाडायचंही तिला सुचलं नव्हतं. फेब्रुवारीतला शनिवार होता, नेपरव्हिलच्या त्या रस्त्यावर गुडघाभर बर्फ साचला होता, आणि स्टेशनवरून ती अक्षरशः पळत आली होती.

त्र्यंबकराव देवस्थळी जेवणाच्या टेबलाशी पत्र लिहीत बसले होते. त्यांनी सवयीने आधी खिशातली छोटी डायरी काढली, 'वीणा आली, १०.२०' असं लिहिलं आणि मग म्हणाले, "आधी बूट काढ. मग बस. मग सांग."

आता या गृहस्थांबद्दल थोडं सांगायलाच हवं. मुंबईच्या विधानभवनात समिती शाखेत चौतीस वर्षं काढून ते उपसचिव म्हणून निवृत्त झालेले. कोण आलं, किती वाजता आलं, काय बोललं, हे टिपण्यात सगळा जन्म गेला. आता सहा महिने मुलाकडे अमेरिकेत राहायला आले, तर इथे टिपायला काय, डोंबल? मग त्यांनी स्वतःच एक काम काढलं. कोणी नीट काम करताना दिसला की त्याच्या साहेबाला पत्र लिहायचं. "माणूस मान मोडून राबतो आणि वरच्याला पत्ताच नसतो! मग गोपनीय अहवालात शेरा कसा सुधारणार त्याचा?" विधानभवनात त्यांच्या अशा पत्रांनी दोन-चार शिपायांच्या बढत्या झाल्या होत्या, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. आज पत्र चाललं होतं रेल्वेच्या साहेबांना, जेरोम नावाच्या कंडक्टरबद्दल. त्यांच्या पत्नी यामिनीबाईंना निसरड्या प्लॅटफॉर्मवरून पटकन चालता येईना, तेव्हा या जेरोमनं गाडी थांबवून ठेवली, खाली उतरून त्यांना हात दिला आणि हसत हसत आत आणून बसवलं.

ते पत्र बाजूला सारून त्र्यंबकरावांनी वीणाच्या हातातला कागद घेतला. वीणा त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. शिकागोच्या युनिव्हर्सिटीत गेली पाच वर्षं पीएचडी करत होती. विषय असा, की युरोपातले देश एकत्र येऊन आपलं सैन्य परमुलखात मोहिमेवर पाठवतात, पण त्यावर निवडून आलेल्या सभासदांची देखरेख असते का? असली तर खरी असते, की नुसती कागदावरची? तेवीस लोकांनी नाव न छापण्याच्या अटीवर तिला मुलाखती दिल्या होत्या. प्रबंधात त्यांना नावं नव्हतीच, फक्त नंबर. त्यात सगळ्यात मोलाचा सात नंबर.

सात नंबर म्हणजे हेल्डर. युरोपातल्या एका देशाच्या संसदेत संरक्षण समितीचा कारकून. मागच्या ऑक्टोबरात कॉन्फरन्सला शिकागोत आला होता. युनिव्हर्सिटीत कोणी बघेल म्हणून वीणानं त्याला रविवारी इथे, नेपरव्हिलच्या घरी जेवायला बोलावलं आणि वरच्या खोलीत मुलाखत घेतली. त्यानं जे सांगितलं त्यावर तिचा अर्धा प्रबंध उभा होता. सैनिक मोहिमेवर निघाले चार तारखेला. मोहिमेचे कागद समितीपुढे आले अकराला. आणि सभासदांनी 'आधी पाहिले' म्हणून सह्या केल्या तीन तारखेच्या! कागद बंद खोलीत, टिपण घ्यायला मनाई, वाचायला वीस मिनिटं. तेवढीही कोणी बसलं नव्हतं.

कागद म्हणजे युनिव्हर्सिटीला आलेल्या पत्राची प्रत होती, आणि त्यावर त्या संसदेच्या सचिवालयाचा शिक्का होता. आमचा अधिकारी हेल्डर हा रविवार, १५ ऑक्टोबर २००६ रोजी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांपासून चार वाजून चाळीस मिनिटांपर्यंत, नेपरव्हिल येथील एका खासगी घरी आपल्या संशोधक विद्यार्थिनीला भेटला, असं आम्हाला समजलं आहे. त्यासाठी त्यानं परवानगी घेतली नव्हती. त्याला निलंबित केलं आहे. आपण आपल्या बाजूनं काय करणार, ते कळवावं.

"गुरुवारी युनिव्हर्सिटीच्या कमिटीपुढे हिअरिंग आहे," वीणा म्हणाली. "माझ्या रेकॉर्डमधून नाव लीक झालं असं ठरलं, तर तेवीसच्या तेवीस मुलाखती डिस्ट्रॉय करायला लावतील. म्हणजे पीएचडी संपली, मामा. पाच वर्षं पाण्यात. आणि त्या माणसाला मी शब्द दिला होता रे! दोन मुली आहेत त्याला."

त्र्यंबकरावांनी पत्र पुन्हा वाचलं. कुठंतरी काहीतरी टोचलं, पण काय ते कळेना.

"कोणावर संशय आहे तुला?"

"संशय नाही, खात्री आहे," वीणा डोळे पुसत म्हणाली. "अंकुर."

२

अंकुर नागपूरचा. वीणाच्याच डिपार्टमेंटमध्ये दोन वर्षं मागे. तिच्या टेप ऐकून उतरवून द्यायचं काम त्यानं मैत्रीखातर केलं होतं, आणि ती नुसती मैत्री नाही हे यामिनीबाईंनी केव्हाच ओळखलं होतं. गेल्या महिन्यात त्याला ब्रसेल्सला संरक्षणविषयक संस्थेत इंटर्नशिप मिळाली. वीणानं दोन अधिक दोन केलं आणि आदल्या रात्री त्याला फोनवर नाही नाही ते बोलली.

त्र्यंबकराव म्हणाले, "आरोप नंतर. आधी यादी कर. त्या रविवारी या घरात उपस्थित कोण?"

यादी लहान होती. वीणा, त्र्यंबकराव, यामिनीबाई, मुलगा राजीव, सून सुमेधा आणि नात रुही. हेल्डर येणार म्हणून वीणानं सगळ्यांना बजावलं होतं, या पाहुण्याचं नाव कोणालाही सांगायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

राजीव गॅरेजसमोरचा बर्फ उपसत होता. त्र्यंबकराव कानटोपी घालून त्याच्यापाशी जाऊन उभे राहिले.

"राजीव, तू त्या हेल्डरकडून त्याचं कार्ड मागून घेतलं होतंस. मी पाहिलं होतं."

राजीवचं फावडं थांबलं. त्याची कंपनी लष्करांना लागणारे रेडिओ सेट बनवायची, त्यामुळे हेल्डरची ओळख त्याच्या कामाची होती. तो ओशाळला. "घेतलं होतं, बाबा. म्हटलं, पुढेमागे कॉन्टॅक्ट होईल. मग आमच्या कंपनीच्या वकिलाला नुसतं जनरल विचारलं, की असं कार्ड जवळ ठेवावं का. तो म्हणाला, फाडून टाक. फाडलं. नाव नाही सांगितलं, शप्पथ! आणि मी होतो किती वेळ? स्टेशनवरून त्याला घेऊन आलो, दोन घास खाल्ले, आणि रुहीला स्विमिंगला घेऊन गेलो. परत आलो तेव्हा तो गेला होता."

स्वयंपाकघरात सुमेधा भाजी चिरत होती. तिनं त्या दिवशी फोटो काढले होते, म्हणून तिलाही विचारणं भाग होतं.

"बाबा, मी तीन वाजता आले. मंडळाच्या दिवाळीच्या नाटकाची प्रॅक्टिस नव्हती का? आणि फोटोत त्याचा फक्त हात आहे. आईंनी चकलीचा सोऱ्या दिला ना त्याच्या हातात, तो. नागपूरला ताईला तेवढाच पाठवला. ती म्हणाली, कोण गं हा गोरा आचारी?" ती हसली, पण लगेच गप्प झाली. "संध्याकाळी मीच सोडलं त्याला स्टेशनवर. गाडीत म्हणाला, असं घरचं खूप दिवसांनी खाल्लं. त्याची नोकरी जाणार का हो?"

रुहीनं व्हिडिओ गेममधून मान वर न करता साक्ष दिली, "Ajoba, I don't even know his name. I just call him Chakli Uncle, from Mom's photo."

यामिनीबाईंची तर गोष्टच वेगळी. त्या घड्याळ बघून नव्हे, समोरच्याचं तोंड बघून जेवायला वाढणाऱ्या बाई. त्यांना त्या दिवशीचं एवढंच आठवत होतं, की पाहुण्यानं चार चकल्या तळायच्या आधीच कच्च्या खाऊन बघितल्या.

राहता राहिला अंकुर. त्र्यंबकरावांनी त्याला दुपारी फोन करून बोलावून घेतलं. वीणा वरच्या खोलीत जाऊन बसली. तोंड बघणार नाही म्हणाली.

३

अंकुर आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. चहाला हात लावेना.

"काका, तिला एकदाही वाटलं नाही का हो, की मी असं करणार नाही?"

"ते तिला विचार. मला टेपबद्दल सांग."

"टेपवर नाव नाहीच आहे, यार... सॉरी, काका. वीणा प्रत्येक टेपच्या सुरुवातीला फक्त नंबर बोलते. काल रात्री फोनवर ती ओरडली, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्याचं नाव हेल्डर आहे."

"हे तू म्हणतोस."

"हो, मीच म्हणतोय. दुसरं कोण म्हणणार?" त्यानं बॅगेतून वही काढली. "हे बघा. ती टेपवर वेळ बोललीय. सुरू दोन वाजून पाच, बंद तीन वाजून पन्नास. मध्ये कुकरच्या तीन शिट्या आहेत, त्याही मी उतरवल्यात. माझ्याकडे या घरातल्या त्या दिवसाचं एवढंच आहे."

त्र्यंबकरावांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं सचिवालयाचं पत्र पुढे ओढलं. एक दहा ते चार चाळीस. पुन्हा वहीकडे पाहिलं. दोन पाच ते तीन पन्नास.

"वीणा!" ते जिन्याकडे तोंड करून ओरडले. या घरात त्यांचा आवाज एवढा कधी चढला नव्हता. "खाली ये! टेपमधून नाही गेलं हे! तुझ्या कुठल्याच कागदातून नाही गेलं!"

वीणा धावत खाली आली. त्यांनी तिला दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. "ज्यानं कळवलं त्याला हेल्डर दारात कधी आला आणि दारातून कधी गेला हे मिनिटांसकट माहीत होतं. तुझ्या रेकॉर्डमध्ये यातलं एक तरी आहे का?"

वीणानं दोनदा वाचलं. मग तिचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ तिला रडू कोसळलं. अंकुरकडे बघायची तिला हिंमत होईना. अंकुरनंच टेबलावरचा टिश्यूचा डबा तिच्याकडे सरकवला.

"म्हणजे मी सुटले," ती जरा वेळानं म्हणाली. "पण मामा, मग कळवलं कोणी?"

त्र्यंबकराव मोठ्या हुरुपात बोटांवर मोजत बसले होते. चौतीस वर्षं दुसऱ्यांनी घेतलेल्या साक्षी टिपल्या, आज स्वतः उलटतपासणी घेऊन गाठ सोडवत आणली होती. "आता सोपं आहे गं. येताना पाहिलं राजीवनं, पण जाताना तो नव्हता. जाताना पाहिलं सुमेधानं, पण येताना ती नव्हती. तुझी मामी घड्याळ बघत नाही. तू स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणार नाहीस. दोन्ही वेळी घरात असलेला आणि दोन्ही वेळी घड्याळ बघणारा..."

बोलता बोलता ते थांबले.

"कोण, मामा?"

"बघून सांगतो," ते म्हणाले, आणि आपल्या खोलीत गेले. जाताना त्यांनी दार लावून घेतलं.

४

मागच्या वर्षीची डायरी बॅगेच्या तळाशी होती. त्यांनी पंधरा ऑक्टोबरचं पान काढलं.

'पाहुणे आले १.१०. भोजन. चर्चा. चहा-चकली. पाहुणे गेले ४.४०.'

आणि सतरा तारखेच्या पानावर लाल शाईनं, 'आ. प. पाठवले.'

आ. प. म्हणजे आभारपत्र.

ते पलंगावर बसून राहिले. सगळं एकदम आठवलं, आणि सगळ्यात वाईट हे, की लिहिताना किती आनंद झाला होता तेही आठवलं. समितीचा कारकून! आपल्याच जातकुळीचा माणूस! हजारो मैलांवर तोच धंदा करणारा, तेच बंद लिफाफे, तेच उशिरा येणारे सभासद, त्याच मागाहून केलेल्या सह्या. जेवताना दोघं आपापल्या साहेबांच्या गोष्टी सांगून पोट धरून हसले होते. दोन दिवसांनी त्यांनी आपल्या सर्वोत्तम इंग्रजीत त्या संसदेच्या महासचिवांना लिहिलं होतं, की आपले अधिकारी श्री. हेल्डर यांनी अमुक दिवशी, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत, आपली सुट्टी खर्ची घालून माझ्या भाचीला तिच्या संशोधनात अनमोल मदत केली. असा अधिकारी लाभल्याबद्दल आपलं अभिनंदन. याची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात व्हावी.

'कोणालाही सांगायचं नाही', वीणा म्हणाली होती, आणि त्यांनी मान डोलावली होती. पण माणसाचा साहेब म्हणजे 'कोणी' कसा होईल? त्यांच्या सगळ्या नोकरीत हाताखालचा माणूस वरच्याच्या लेखी परवानगीशिवाय मुंबईबाहेर गेला नव्हता. हेल्डर चोरून आला असेल हे त्यांच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. म्हणूनच वीणानं पत्र दाखवलं तेव्हा ते ओळखूही आलं नाही. आपण लिहिलं होतं ते कौतुक. हा होता आरोप. दोन्ही एकच असतील असं कोणाला वाटेल?

यामिनीबाई आत आल्या तेव्हा ते तसेच बसलेले होते. त्यांनी डायरी पुढे केली. यामिनीबाईंनी दोन्ही पानं वाचली. नवऱ्याच्या लाल शाईच्या खुणा त्यांना गेली चाळीस वर्षं पाठ होत्या.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या.

"नाही सांगितलं तरी चालेल गं," त्र्यंबकराव म्हणाले. "ती टेपच्या वेळांवर सुटेल. कोणी कळवलं हे कोणाला कळणार नाही. अंकुरही सुटला."

यामिनीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुमच्या समितीत असं कोणी म्हणालं असतं, तर तुम्ही काय लिहिलं असतं?"

त्र्यंबकराव उठले. डायरी घेतली आणि बाहेर आले. टेबलाभोवती घरातले सगळे जमले होते. त्र्यंबकरावांनी चष्मा लावला, आणि इतिवृत्त वाचतात त्या सुरात दोन्ही पानं मोठ्यानं वाचून दाखवली. वाचून झाल्यावर म्हणाले, "मीच तो. घरभर शोधत फिरलो, तो मीच."

रुहीनं गेम बंद केला.

"मामा," वीणा शेवटी म्हणाली, "अरे, तुला सांगितलं होतं ना रे मी?" तिचा आवाज चढला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. पण तो चढला नाही.

५

गुरुवारी युनिव्हर्सिटीच्या त्या खोलीत लांब टेबल होतं. पलीकडे तिघं, अलीकडे एक खुर्ची. त्र्यंबकरावांचे पाय सवयीने अध्यक्षांच्या मागच्या बाजूला वळले, कारण आयुष्यभर त्यांची जागा तिथे असायची. मग ते अलीकडे येऊन साक्षीदाराच्या खुर्चीत बसले.

अध्यक्षबाई सौजन्यानं बोलत होत्या. "तुमच्या भाचीनं तुम्हाला हे नाव गुप्त ठेवायला सांगितलं होतं?"

"हो. स्पष्ट सांगितलं होतं."

"तरीही तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"का?"

त्यांनी प्रवासात उत्तर तयार केलं होतं, चार मुद्द्यांचं. ते सगळं विसरून ते म्हणाले, "मला वाटलं, त्याचं भलं होईल."

पलीकडचा एक तरुण प्राध्यापक हसणार होता, पण त्यानं त्र्यंबकरावांचा चेहरा पाहिला आणि मान खाली घालून लिहू लागला.

निकाल अर्ध्या तासात लागला. वीणाच्या रेकॉर्डमधून काहीही फुटलेलं नाही. मुलाखती राहतील, प्रबंध सादर करायला हरकत नाही. फक्त सात नंबरची मुलाखत त्याची ओळख उघड झाल्यामुळे वगळावी. म्हणजे सैनिक चारला निघाले आणि कागद अकराला आले, हे आता कुठंच छापून येणार नव्हतं. ज्यांनी मागची तारीख घालून सह्या केल्या ते सभासद आपापल्या जागी होते. घरी बसला होता फक्त ते सांगणारा.

बाहेर कॉरिडॉरमध्ये वीणानं एक घडी घातलेला कागद त्यांच्या हातात दिला. "हेल्डरची ईमेल. काल रात्री आली. तुला दाखवू की नको, ठरत नव्हतं."

त्यांनी चष्मा लावून वाचलं. नोकरी गेली होती. वीणावर राग नव्हता. तिनं शब्द पाळला हे आता त्याला कळलं होतं. शेवटी लिहिलं होतं, 'चौकशीत तुमच्या मामांचं पत्र मला वाचून दाखवलं. एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल वरिष्ठांकडे आलेलं ते पहिलं चांगलं पत्र. मी त्याची एक प्रत मागून घेतली आहे.'

त्र्यंबकरावांनी कागदाची पुन्हा होती तशी घडी घातली. घडी नीट बसेना, तेव्हा वीणानंच तो त्यांच्या हातातून घेतला. तिला अजून राग होता. पण पायऱ्या निसरड्या होत्या, म्हणून तिनं त्यांचा दंड धरला आणि खालपर्यंत सोडला नाही. खाली अंकुर उभा होता. ती त्याच्याजवळ जाऊन काय बोलली ते त्र्यंबकरावांनी ऐकलं नाही, मुद्दामच.

परतीच्या गाडीत यामिनीबाई खिडकीशी बसल्या. तिकिटं तपासत जेरोम आला आणि त्यांना ओळखून रुंद हसला. "गुडघा कसा आहे, मॅम?"

त्र्यंबकरावांच्या कोटाच्या आतल्या खिशात त्याच्याबद्दलचं पत्र होतं, पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं. शनिवारपासून तिथेच होतं. त्यांनी ते बाहेर काढलं.

"एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही माझ्या बायकोसाठी गाडी थांबवलीत. मी तुमच्या साहेबांना तसं कळवलं, तर चालेल का?"

जेरोमचं हसू मावळलं. त्यानं डब्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं आणि खाली वाकला. "सर, प्लीज, तेवढं करू नका. दारं बंद झाल्यावर गाडी थांबवायची परवानगी नाही आम्हाला. मागच्या वर्षी असंच एकदा वॉर्निंग मिळालीय मला."

"बरं," त्र्यंबकराव म्हणाले. "बरं झालं विचारलं."

जेरोम पुढे गेला. त्र्यंबकरावांनी पाकीट मधोमध फाडलं, मग पुन्हा आडवं, आणि तुकडे कोटाच्या खिशात घातले. यामिनीबाई बघत होत्या.

नेपरव्हिलला जेरोम खाली उतरून उभा राहिला आणि त्यानं यामिनीबाईंना हात दिला. त्र्यंबकराव त्यांच्या मागून उतरले, त्याच्यासमोर थांबले आणि त्यांनी हात जोडले. खिशातल्या डायरीला त्यांनी हात लावला नाही.